ओल्या अंगावर तेल

रंजू, काल मोरीचे दार लोटून तू पाय घासत होतीस. आतून दगडाचा खर्र खर्र आवाज येत होता. मी दाराशी उभी राहिले आणि तशीच परत फिरले. तोंडाने सांगायला गेले की माझे शब्द घशातच राहतात, हे तुला माहीत आहे. म्हणून तुझ्या गेल्या वर्षीच्या वहीतली कोरी पाने घेऊन बसले आहे. तू आता पाचवीत आहेस. मी चौथीपर्यंतच शिकले, म्हणजे तू माझ्या पुढे गेलीस. कुठे चुकले असेल तर हसू नकोस.

शाळेत मुली तुझ्या पायांना काय म्हणाल्या, ते तू आजीला सांगितलेस. मी स्वयंपाकघरातून ऐकले. मगरीचे पाय. रंजू, ते पाय माझे आहेत, आणि माझ्याकडे ते माझ्या वडिलांकडून, तुझ्या आबाजींकडून आले. त्या पायांपायी मी एकदा काय करून बसले आणि त्यात तुझे काय गेले, हे या घरात कोणी पुन्हा बोलले नाही. ते तू माझ्याकडूनच ऐकावेस.

०

नरखेडकडे आमच्या गावी तुझे आबाजी संत्र्याच्या बगिच्यातच आंघोळ करायचे. विहिरीवरची मोटार सुरू झाली की पाण्याच्या धारेखाली बसायचे. थंडीत त्यांच्या पायांच्या नळ्यांवरची कातडी वाळलेल्या गाळासारखी चौकटी-चौकटीची व्हायची. आंघोळ झाली की अंग न पुसताच ते जवसाचे तेल चोळायचे. बगिच्यातले गडी हसायचे, "भाऊ, अंग तं पुसा आधी!"

आबाजी म्हणायचे, "पुसलं की संपलं, गा."

माझी आई मलाही तसेच तेल लावायची, ओल्या अंगावर. ते औषध आहे असे मला कधी वाटले नाही. केसांना तेल लावतात तसे अंगाला लावायचे, एवढेच.

लग्न होऊन मी शहरात, महाल भागात आले. याच दोन खोल्या. पहिल्याच आठवड्यात तुझ्या आजीने चादर उचलून नाकाशी धरली. "अवं कमल, चादरीले ढेपीचा वास येऊन राहिला."

ढेप म्हणजे तेलबियांचा चोथा, गुरांना घालतात. आजीच्या मनात काही वाईट नव्हते, पण मला धरणी फाटून पोटात घेईल तर बरे असे झाले. त्या दिवसापासून तेल बंद. बंबातले कढत पाणी, दोनदा साबण, मग पंच्याने अंग लाल होईपर्यंत पुसणे. शहरातल्या बायका अशाच आंघोळ करत असतील असे मला वाटायचे. थंडी पडली तशी नळ्यांवर पांढरा कोंडा धरू लागला. मला वाटले, हा गावाकडचा मळ आहे, अजून निघायचा आहे. इतवारीच्या बाजारातून एक घासायचा दगड आणला. घासले की दिवसभर पाय गुळगुळीत असायचे. दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त पांढरे दिसायचे, म्हणून मी अजून जोरात घासायची.

तू झालीस तेव्हा सव्वा महिना मला रोज तेलाची मालिश झाली. पाय इतके छान झाले की मी ते सगळे विसरूनच गेले. तू आठ महिन्यांची झालीस आणि थंडी आली. या वेळी नळीवर रुपयाएवढे गोल, फिकट, खडबडीत चट्टे उठले. टाचांना भेगा पडल्या. मालिश सुटली होती म्हणून हे झाले, हे माझ्या ध्यानात आले नाही. बाळंतपणानंतर काहीतरी नवेच अंगात शिरले असे मी धरून चालले.

०

आजीने मला धणे-हळद आणायला इतवारीत पाठवले होते. धान्याच्या गल्लीच्या तोंडाशी एका भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिले होते: अंगावर बधिर चट्टा आहे का? कुष्ठरोग असू शकतो.

खाली बारीक अक्षरांत अजून दोन ओळी होत्या. पण समोर पानठेला होता आणि तिथे माणसे उभी होती. बाईमाणसाने भर रस्त्यात उभे राहून महारोगाची भिंत कशी वाचायची? वरची ओळ वाचली आणि मान खाली घालून निघाले. धणे आणले, हळद विसरले.

दुपारी आजी शेजारी गहू निवडायला गेली. तू पाळण्यात झोपली होतीस. मी गोधडीची सुई घेतली आणि आधी नळीवरच्या चट्ट्यावर टोचली. लागले की नाही लागले? जितका विचार करावा तितके कळेना. पुन्हा टोचली. लागल्यासारखे वाटले, आणि लगेच वाटले की आपण मनाचे समाधान करून घेत आहोत. मग टाचेला लावली. सुई आत गेली आणि हात काढला तरी तशीच उभी राहिली. मला काहीच कळले नाही.

त्या उभ्या सुईकडे मी किती वेळ पाहत होते कोणास ठाऊक. पाळण्यात तू कुरकुर केलीस. मी उठले, दोन पावले आले आणि थांबले. तू हात वर केलेस. मी पाळण्याची दोरी धरून हलवत राहिले. तुला उचलले नाही.

०

पुढचे पाच आठवडे मी तुला हात लावला नाही. लावावाच लागला तर पदर हाताला गुंडाळून लावला.

कोणाला सांगावे? सांगितले तर माहेरी पाठवतील, तुला ठेवून घेतील. नाही सांगितले तर तुला हा रोग लागेल. दोन्हीकडून तू जातच होतीस. मी ठरवले की निदान तुला लागू द्यायचे नाही.

आजीला सांगितले, दूध येत नाही. ती बिचारी हाळीव आणि डिंकाचे लाडू करून मला खाऊ घालायची, आणि तुला बोंडल्याने गाईचे दूध पाजायची. मी लाडू खायची आणि मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची. छाती दगडासारखी व्हायची. तू बाहेर रडायचीस, तुझ्या आवाजाने दूध आपोआप वाहायचे आणि मी बादलीत नळ सोडायची, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून.

माझी ताट-वाटी मी आपणहून बाजूला धुवायची. कोणाच्या ध्यानात आले नाही. ध्यानात आले ते वेगळेच.

"पोट्टी झाली म्हणून हात लावत नाही का वं?" आजी एकदा पोळी लाटता लाटता म्हणाली. "आमच्या घरात कोणी तुले एका शब्दानं बोललं का? मंग तूच काहून अशी?"

मी पीठ मळत राहिले.

तुझे बाबा दुकानातून आले की तुला मांडीवर घ्यायचे. इतवारीत भांड्यांच्या दुकानात दिवसभर उभे राहून त्यांचे पाय सुजायचे, तरी आधी तुला घ्यायचे. एक दिवस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मले पोरगीच पाहिजे होती. खरं सांगतो. तू मनाले लावून घेऊ नको."

ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी हे एवढ्या मायेने म्हटले आणि मी मान हलवली. म्हणजे तुझे बाबा धरून चालले की तेच कारण आहे. ते खोटे मी डोळ्यांदेखत पक्के होऊ दिले.

दगड मात्र सोडला नाही. उलट दिवसातून दोनदा घासायला लागले. चट्टे निघून जातील या आशेने नळीवरून रक्त येईपर्यंत घासले. रक्त आले की दुखायचे, आणि दुखले की तेवढ्यापुरते बरे वाटायचे. मग टाच आठवायची.

०

तू रांगायला लागली होतीस. एका सकाळी मी उंबरठ्याजवळ बसून भाजी निवडत होते. तू मागून आलीस आणि माझ्या उघड्या पोटरीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिलीस. पहिल्यांदाच उभी राहिलीस, रंजू. आणि मी साप चढल्यासारखा पाय झटकला.

तुझी हनुवटी उंबरठ्यावर आपटली. तुझ्या हनुवटीखाली ती बारीक रेघ आहे ना, ती तिथली.

आजी धावत आली. रक्त पाहून तिने तुला उचलले आणि माझ्यावर ओरडली, "लेकरू आहे ते! काय इंगळी आहे का झटकून द्यायले? काय होऊन राहिलं तुले? बोल ना, बोलत काहून नाही?"

मी साडी नळीपर्यंत वर केली. जन्मात मी असे कोणासमोर केले नव्हते. "आई, हे पाहा," एवढेच म्हणाले. मग भिंत, सुई, टाच, सगळे एका दमात बाहेर पडले. तू रडतच होतीस.

आजी एक पाऊल मागे सरकली. तुला तिने घट्ट धरले. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि ती माझ्या पायांकडे. हळदीने भरलेला पदर तिने तुझ्या हनुवटीला दाबून धरला. मग म्हणाली, "कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही."

"उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ. मी येतो तुझ्यासंग."

०

दुसऱ्या दिवशी तुझे बाबा तुला घेऊन घरी राहिले. आजीने त्यांना रात्रीच सांगितले असावे. ते माझ्याकडे पाहत होते आणि मला पाहवत नव्हते.

आम्ही सायकलरिक्षा केली. मी आधी चढले आणि एका कडेला अंग चोरून बसले. आजी चढली आणि नीट टेकून बसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. रिक्षा अरुंद असते, हे मला कळते. पण तेव्हा मला काय झाले आहे हे कोणालाच माहीत नव्हते, आणि तिने मधे पिशवी ठेवली नाही. पिशवी तिच्या मांडीवर होती.

सरकारी दवाखान्यात कातडीच्या रोगांची रांग वेगळी होती. बायकांनी पदर तोंडावर ओढलेले. मीही ओढला. बाकावर एक बाई बसली होती, तिच्या हाताची बोटे आत वळलेली होती. तिच्या शेजारी जागा होती. मी उभीच राहिले.

"बस ना बाई," ती म्हणाली. "बसल्यानं लागत नाही."

मी ऐकू न आल्यासारखे केले. तासभर उभी होते. भेगांतून कळा येत होत्या, तरी बसले नाही.

आत डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून बसले होते. पाय दाखवा म्हणाले. मी आजीकडे पाहिले. आजीने स्वतः वाकून माझी साडी घोट्यावरून वर सरकवली. डॉक्टरांनी नळी पाहिली, कोपर दाबले, गुडघ्याच्या बाजूला दाबून पाहिले. मग कापसाची बारीक वात केली.

"डोळे मिटा. कापूस लागला की तिथे बोट ठेवायचं."

मी डोळे मिटले. नळीवर काहीतरी हलले. बोट ठेवले. "हं." पुन्हा. "हं." मग बराच वेळ काहीच लागले नाही. आता कापूस फिरत असेल आणि मला कळत नसेल तर? बोट कुठे ठेवू? अंदाजाने ठेवू का? मी बोट उचललेलेच ठेवले. मग पोटरीवर मुंगी चालल्यासारखे झाले. बोट ठेवले.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे उघडले. तेव्हा गप्प बसता आले असते. पण मी म्हणाले, "टाच राहिली."

परक्या पुरुषासमोर मी त्यापूर्वी एवढेही बोलले नव्हते. मग सुईचे सांगितले. सुई उभी राहिली होती, दुखले नाही, असे म्हणाले.

डॉक्टरांनी माझी टाच पाहिली. मग त्यांची नजर आजीच्या पायांवर गेली. तुला माहीत आहे, आजी कुठेही अनवाणीच जाते.

"आजी, तुमचा पाय वर घ्या."

"माहा? माहा काहून? बिमार हे आहे."

"घ्या तर. आणि डोळे मिटा."

आजीने बाकड्यावर पाय ठेवला आणि डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांनी तबकातली सुई उचलली.

"टोचलं का?"

"काय टोचलं? तुम्ही टोचा तं आधी."

"दोनदा टोचून झालं, आजी. आता तुम्हालेही हा रोग झाला म्हणायचा का?"

आजीने डोळे उघडून सुई पाहिली. "अवं माय!" तिने पाय खाली ओढला. पलीकडच्या टेबलावरचा कंपाउंडर हसायला लागला. मला हसू आले नाही.

"टाचेची कातडी जाडच असते," डॉक्टर म्हणाले. "तिथं सुईनं काही समजत नाही. बाई, तुम्हाला कुष्ठरोग नाही. असता तरी गोळ्यांनी बरा होतो, घर सोडायचं कारण नसतं. ही तुमची कातडी जन्मापासून कोरडी आहे. घरात अजून कोणाचे असे पाय आहेत?"

"वडिलांचे."

"ते काय लावतात?"

"काही नाही. आंघोळ झाली की ओल्या अंगावर तेल."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "मग तुम्ही काहून नाही लावत?"

मी खाली पाहिले. उत्तर आजीने दिले. "म्या म्हटलं होतं, सायेब. चादरीले वास येते म्हणून."

डॉक्टरांनी मलम लिहून दिले, दगड फेकायला सांगितला. आम्ही उठलो. दारापर्यंत जाऊन मी परत वळले.

"मी तिला घेऊ का?"

"कोणाला?"

"मुलीला. कडेवर."

त्यांना आधी कळलेच नाही. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तुम्ही नाही घेणार तर कोण घेणार? जा घरी."

०

आजी मलमाच्या खिडकीशी गेली. ती बाई अजून बाकावरच होती. "काय म्हणले?" तिने विचारले.

"कोरडी कातडी आहे."

"बरं झालं, बाई," ती म्हणाली आणि थोडी सरकली. मी तिच्याशेजारी बसले. तासाभराने बसले, आपल्याला काही नाही हे कळल्यावर बसले, याची लाज मला अजून आहे. आजी येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.

येताना रिक्षा त्याच भिंतीसमोरून गेली. खालच्या बारीक ओळी मी रिक्षात बसून वाचल्या. वेळेवर औषध घेतल्यास हा रोग पूर्ण बरा होतो. रोग्याला दूर लोटू नका.

घरी तुझे बाबा दारातच तुला घेऊन उभे होते. आजीने त्यांना मानेनेच सांगितले. मी हात पुढे केले. तू माझ्याकडे पाहिलेस आणि तोंड फिरवून आजीकडे झेपावलीस.

आजीने दोन्ही हात पदराखाली घेतले. "माह्याजवळ नाही," ती तुला म्हणाली. "मायजवळ जा."

तू गेली नाहीस. आठ-दहा दिवस लागले. आजी तेवढे दिवस तुला उचलायची नाही. तू तिच्या पायाशी रडायचीस आणि ती तोंड फिरवून तांदूळ निवडायची. तुला कडेवर घेऊन झोपवल्याशिवाय तिला चैन पडत नव्हते, तरी. दूध त्या आठवड्यांत आटले होते, ते मात्र परत आले नाही. मी तीन दिवस तुला छातीशी धरून पाहिले. ते मी मोरीत ओतून संपवले होते.

त्याच आठवड्यात आजी घाण्यावरून जवसाच्या तेलाची बाटली घेऊन आली आणि मोरीतल्या कोनाड्यात ठेवली. "वास येते तं येऊ दे," एवढेच म्हणाली.

०

आता तुझे, रंजू. पाणी कोमट घ्यायचे, कढत नाही. साबण काखेत, पावलांना, एवढाच. उन्हाळ्यात हे पाय बरे झाले तरी तेल सोडायचे नाही. थंडीत पुन्हा येते. खाजवले तर वाढते. हे पूर्ण जात नाही, मला अजून आहे. पण त्याने कोणाचे काही बिघडत नाही आणि ते कोणाला लागत नाही. पुढे कुठे काही चट्टा दिसला तर कोणाला तरी सांगायचे. एकटीने सुई घ्यायची नाही.

मुली मगरीचे पाय म्हणतील. वासालाही नावे ठेवतील. मी त्या वेळी एका शब्दाला लाजून तेल सोडले होते.

तुझा दगड मी आज सकाळी उचलून ठेवला आहे, शोधू नकोस. बाटली कोनाड्यात आहे. उद्या आंघोळ झाली की अंग पुसू नकोस. ओलीच उभी राहा आणि मला हाक मार. मी बाहेरच असेन.